उलटायचं राहिलेलं पान

इंदिरा नगर, लखनऊ
सोमवार

प्रिय क्षितू,

हे पाकीट सुबोधकाकाच्या हातून आलेलं बघून तुला नवल वाटेल. तो ट्रेनिंगसाठी उद्या पुण्याला निघालाय आणि होस्टेलवर येऊन तुझ्या हातातच देईन असं त्याने कबूल केलंय. आत एक वहीही आहे. ती आधी उघडू नकोस, पत्र पुरतं वाच आणि मग उघड. बाप म्हणून हुकूम सोडण्याचा अधिकार मला उरलाय की नाही ते पत्र संपल्यावर तूच ठरव, तोवर ही विनंती समज.

इकडे सगळं नेहमीसारखं आहे. ऑगस्टचा उकाडा असा की कूलर नुसती ओली हवा तोंडावर फेकतो. आईच्या कढीपत्त्याची फांदी परत माकडांनी मोडली, त्यावरून ती दोन दिवस माकडांशी मराठीत भांडतेय. मी मात्र काल तुझा मेसेज आल्यापासून ठीक नाही. होस्टेलच्या मुली तुला प्रतिनिधी म्हणून उभी राहा म्हणतायत असं तू लिहिलंस. मुलींचं फाटक साडेआठला बंद होतं आणि मुलांचं साडेदहाला, त्याविरुद्धचा अर्जही तूच लिहिलास, पण तू उभी राहणार नाहीस. त्यावर मी ‘जशी तुझी इच्छा’ असं लिहून वर एक अंगठा पाठवला. काय पण समजूतदार बाप. तुझ्या मेसेजच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं. त्याच्याकडे मी या पत्राच्या शेवटीच येईन, आत्ता हात धजत नाही. फॉर्म भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे एवढं लक्षात ठेवूनच लिहायला बसलोय.

तेलीबागचा तो उन्हाळी कॅम्प. तीन वर्षं झाली, पण तू काही विसरली नसशील. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती, बाहेर अंग भाजणारी लू वाहत होती आणि तू रोज सकाळी डोक्याला ओढणी गुंडाळून कॅम्पच्या बसची वाट बघायचीस. मुलगे आणि मुली समान, दोघांनी पुढाकार घ्यायला शिकायचं, अशी सगळी कल्पना मला इतकी पटली की तुझं नाव मीच घातलं होतं. मुलगे पोळ्या लाटायला शिकत होते आणि तुम्ही सायकलचं पंक्चर काढायला. गच्चीवर उभं राहून मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असं आपलं नाव पुकारायचा सराव तू घरीही सुरू केलास, तेव्हा शेजारचे मिश्राजी ‘भाई साहब, सब ख़ैरियत?’ म्हणत दारात आले होते. पहिल्या दिवशी पालकांकडून एकेक वचन लिहून घेऊन कॅम्पच्या भिंतीवर लावलं होतं. मी लिहिलं, ‘बेटी से पूछे बिना उसका कोई फ़ैसला नहीं करूँगा.’ खाली तारखेसकट लफ्फेदार सही केली. वर त्या कागदाचा फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकून लोकांच्या टाळ्याही घेतल्या. पाचव्या दिवशी कॅम्प चालवणाऱ्या ऋचा दीदींनी तुला गटाची प्रमुख केलं, त्याची बातमी तू बसमधून उतरता उतरताच ओरडून सांगितलीस. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

सातव्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेली होतीस. आई आजीच्या मोतीबिंदूसाठी मिरजेला होती. टेबलावर तुझी निळी वही उघडीच पडलेली होती आणि मी ती वाचली. चुकून नजर गेली असं म्हणणार नाही, मी चष्मा लावून वाचली. पानाच्या अगदी खाली लिहिलं होतं, ‘मैं और आर्यन मिलकर अपना संसार बनाएँगे. घरवालों को आख़िरी दिन बताएँगे.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. आर्यन म्हणजे सरोजिनी नगरचा तो उंच मुलगा, त्याला मी एकदा बसपाशी पाहिलं होतं. सोळा वर्षांची माझी मुलगी त्याच्याशी संसार मांडायला निघालीय आणि घरी शेवटच्या दिवशी कळवणार आहे, एवढंच मला दिसलं. क्षितू, मी एकोणीस वर्षं या शहरात आहे. मंडळात नवं कुटुंब आलं की हिंदी-मराठीच्या गमती मीच त्यांना सांगतो. मंडळातला पंढरीनाथ पहिल्यांदा इथे आला आणि शाळाखात्याच्या दारावर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी बघून इथे मुलांना कुठल्या गुन्ह्यासाठी पाठवतात म्हणून विचारत होता, तो किस्सा मी दर गणपतीत रंगवून सांगतो. आणि तुझ्या वहीतला संसार मात्र मी मराठीत वाचला. तुझं अक्षर दिसलं की मला ते मराठीच वाटतं. तू कधीची हिंदीत विचार करायला लागलीस याचा मला पत्ताच नव्हता.

मग जे केलं ते लिहितो. बाल्कनीत जाऊन ऋचा दीदींना फोन केला आणि क्षितिजाला कावीळ झालीय, ती आता येणार नाही असं सांगितलं. त्या बिचाऱ्या पथ्यपाणी सांगत बसल्या. तू ओले केस पुसत बाहेर आलीस तेव्हा तुला म्हणालो की त्यांचाच फोन होता, त्यांनी प्रमुख म्हणून दुसरी मुलगी घेतलीय, गटही भरलाय, तुझा आवाज दबलेला आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. वर हेही बजावलं की फोन करून मिनतवाऱ्या करायच्या नाहीत, आपल्यालाही काही मान आहे. तुझ्याकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. तू टॉवेल खुर्चीवर टाकलास आणि खोलीत गेलीस. वही मी माझ्या बॅगेत घातली. नंतर तू ती घरभर शोधत होतीस आणि मी तुझ्याबरोबर पलंगाखाली वाकून बघत होतो.

त्याच दुपारी बँकेत डबा खाताना मी पान उलटलं. पुढच्या पानावर मथळा होता, ‘अपने संसार के नियम’. पहिला नियम, रोटी जो खाएगा वही बेलेगा. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून तुम्ही दोघे प्रमुख हे सगळं भिंतीवर लावणार होतात आणि वाचून दाखवणार होतात. संसार म्हणजे जग. मुलगी जग मांडत होती.

कॅम्पचे अजून तीन दिवस शिल्लक होते. घरी येऊन तुला गाडीत घालून तेलीबागला नेलं असतं तर तासाभराचं काम होतं. पण मग वही वाचली हे सांगावं लागलं असतं, कावीळ खोटी हे सांगावं लागलं असतं आणि तो वचनाचा कागद तिथे भिंतीवर माझी वाट बघत होता. चूक सकाळी झाली. पाप मी दुपारी केलं, सगळं कळल्यावर. संध्याकाळी कुल्फी घेऊन आलो. तू खाल्लीस आणि उलट मलाच समजावलंस, ‘जाने दीजिए बाबा, सही ही कह रही होंगी.’ तुझ्या कुल्फीची काडी मी उचलून केरात टाकली. पुढे वादविवाद स्पर्धेतून तू नाव काढून घेतलंस, वर्गप्रतिनिधी व्हायला नाही म्हणालीस, तेव्हा लोकांना मी सांगायचो की आमची क्षितिजा स्वभावानेच शांत आहे.

गेल्या महिन्यात भूतनाथ मार्केटमध्ये ऋचा दीदी भेटल्या. तुझ्या लिव्हरची चौकशी केली. म्हणाल्या, ‘अंकल, हमने उसकी जगह किसी को नहीं दी थी. आख़िरी दिन कुर्सी ख़ाली रखी थी.’ आर्यनला जेवढं आठवत होतं तेवढे नियम त्याने एकट्याने वाचून दाखवले, असंही त्यांनी सांगितलं. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिलो. काल आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, मला काय सांगतोस, तिला सांग.

आता तुझ्या मेसेजमधलं ते शेवटचं वाक्य. तू लिहिलंस, ‘मेरी आवाज़ दबी हुई है बाबा, कैंप वालों ने भी तो यही कहा था.’ कॅम्पवाल्यांनी असं कधीच म्हटलेलं नाही, क्षितू. ते वाक्य माझं आहे, बाल्कनीतून आत येताना चार पावलांत रचलेलं. तीन वर्षं तू ते स्वतःचं समजून वागवते आहेस, ते परत घ्यायला हे पत्र लिहिलं. माफी मागायची मला लाज वाटते, म्हणून मागत नाही. निळी वही सोबत आहे. तिच्यातला चौथा नियम वाच, ‘दरवाज़ा सबके लिए एक ही समय पर बंद होगा.’ सोळाव्या वर्षी तू हे लिहिलं होतंस आणि ते मी कपाटात कोंडून ठेवलं होतं. फॉर्म भरायचा की नाही ते तुझं तू ठरव, या वेळी खरं काय ते माहीत असताना ठरव. आणि मला जी शिक्षा द्यायची ती दे. तो शब्द तू हिंदीत घे नाहीतर मराठीत, मला दोन्हींची गरज आहे.

तुझाच,
बाबा