ओल्या घुमटाची भट्टी

अण्णा, अंगणातल्या भट्टीला सिमेंटचं एक पोतं गेलं, नर्सरीवाल्याकडचं परलाईट गेलं आणि माझी झोप गेली. पहिल्या दोन गोष्टी बाजारात पुन्हा मिळतील.

नातीला घरच्या भट्टीतला पिझ्झा हवा होता. तुम्ही जन्मभर बेकरीच्या भट्टीवर पाव भाजलेत, मी तुमचा मुलगा स्लॅबचा ठेकेदार झालो. म्हटलं, आपल्याला काय अवघड आहे? परलाईट म्हणजे लाह्यांसारखे पांढरे, हलके दाणे. ते सिमेंटात कालवून वाळूच्या ढिगावर घुमट थापला, घट्ट झाल्यावर खालची वाळू उपसली. मग सवयीनं स्लॅबसारखंच केलं: ओली पोती पांघरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. जावई म्हणाले, "मामा, बुरशी धरंल की ह्याला." मी म्हटलं, "पाव्हणं, माझा एक तरी स्लॅब गळलेला दाखवा." ते दाणे स्पंजासारखे पाणी पीत होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तुमच्या आलं असतं. बेकरीतली भट्टी नव्यानं लिंपली की तुम्ही तिच्या तोंडाशी स्टीलचं ताट धरायचात. ताटाला घाम सुटला की सगळ्यांना मागं हटवायचात. "आत पानी हाय अजून. तोंडाफुडं कुनी हुबं ऱ्हायचं न्हाय." मालक करवादायचा, पावाची ऑर्डर खोळंबलीय म्हणायचा, आणि तुम्ही आपले मूठमूठ भुसा जाळून ओल सुकवत बसायचात. मला तेव्हा तुम्ही भित्रे वाटायचात.

रविवारी दुपारी मी थेट बाभळीची लाकडं घातली. नात भट्टीच्या तोंडाशीच उकिडवी बसलेली, जाळानं गाल लाल झालेले. मी हाक मारली. ती उठून माझ्याकडं आली आणि मागं सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. आतून तळहाताएवढा तुकडा उडून ती बसली होती तिथंच फरशीवर आपटला. तडकलेल्या जागेतून वाफ फुसफुसत राहिली. "आजोबा, भट्टी शिंकली!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी आधी पोरगी कुठं आहे ते बघतो. भट्टीवर ताडपत्री टाकलीय, तरी तिच्याजवळून जाताना मी पोरीचा हात सोडत नाही. मुलगी मात्र आल्यागेल्याला सांगते, "बाबांचे कान लई तिखट. टिचकी मारून पोकळ प्लास्टर ओळखतात. आतली तडतड ऐकली, म्हणून पोरगी वाचली." मीही मान डोलावतो. परवा तर व्याह्यांसमोर बोलून गेलो, "आमच्या अण्णांचा कान आलाय माझ्याकडं."

हा कागद कपाटातच राहणार, म्हणून लिहितो. मला काहीएक ऐकू आलं नव्हतं. मी तिला घरातून कांदा आणायला उठवलं होतं.