दुखवट्याच्या वर्षातले हेडफोन

कोचकोर, भर उन्हाळा

आदरणीय सुयून दाजींना त्यांच्या धाकट्या मेहुणीचा, काकिशचा, हात छातीशी धरून सलाम.

गुरंढोरं खुशाल ना? (बिश्केकच्या आठव्या मजल्यावर तुमची गुरंढोरं म्हणजे ते एक लठ्ठ मांजर, हे मला ठाऊक आहे. पण रीत ती रीत.) आणि जनावरांमागून माणसंही खुशाल ना? बुरुलताईचा गुडघा कसा आहे? तुमचं पोट आत गेलं का, की अजून तुमच्या आधी तेच दारातून आत शिरतं? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही, आणि ते सगळं तुमच्यामुळे आहे.

आमच्या मोठ्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. (मोठे म्हणजे माझे सासरे. नाव मी घेत नाही, लिहीतही नाही. सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलं तर जीभ झडते म्हणतात, आणि मला जिभेची किती गरज आहे हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?) पानगळीत घोडा कापून वर्षाचं जेवण घालू, तोवर घरात वाजवणं-गाणं बंद. आणि नेमकं आताच आपांनी, म्हणजे सासूबाईंनी, हट्ट धरला की मोठ्यांनी एका हिवाळ्यात स्वतः आपला तीन तारांचा कोमुज वाजवून भरलेली कॅसेट ऐकायची. आपांना ऐकू येतं कमी. आवाज मोठा केला की शेजारची ताजिगुल कुंपणावर लोंबकळलीच म्हणून समजा, आणि दुखवट्याच्या घरात कोमुज वाजतोय ही बातमी चहा निवायच्या आत गावभर. तेव्हा तुम्हीच फोनवर छाती फुगवून म्हणालात, ‘अगं, पाठीमागून बंद असलेले हेडफोन घे. स्वस्तात मिळतात. आवाज आतल्या आत राहतो.’ राहतो, दाजी. फारच राहतो.

दूरच्या बाजारातला दुकानदार सात पिढ्यांची नावं मोजता मोजता माझ्या माहेरच्याच कुळातला निघाला, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. म्हणाला, ‘तिन्ही घेऊन जा ताई, पटेल तो ठेव.’ पहिला चंदेरी. दिसायला झकास, पण डोकं असं आवळतो की दातखिळीच बसावी, आणि कोमुज बादलीत टाकून वाजवल्यासारखा. त्यात आपा डोक्यावरचा रुमाल सोडणार नाहीत. रुमालावर हेडफोन चढवला की कडेला फट राहते आणि सगळा आवाज बाहेर. ताजिगुल आलीच. ‘काय गं, कोमुज वाजतोय वाटतं?’ मी म्हटलं, ‘भिंतीत उंदीर झालेत.’ ‘उंदीर सुरात आहेत हो तुमचे,’ असं म्हणून ती गेली. दुसरा काळा, केवढा तरी जाड. त्यात नुसती धमधम. कान असे घामेजतात की बाहेर काढल्यावर पिळून वाळत घालावेत. पण फट राहत नव्हती, आणि मोठ्यांचा पाय ताल धरतोय हे त्यात पहिल्यांदा ऐकू आलं. शिवाय कोणाचा तरी श्वास. मी आपली समजूत घातली, वाजवणारा माणूस श्वास घेणारच.

तिसरा तपकिरी, तुम्ही नावासकट सांगितला होतात तो. दाजी, कबूल करते, हेडफोन म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. गाद्या ताज्या पावासारख्या मऊ, रुमालावरूनही नीट बसतात, वजन जाणवत नाही. घातला की जग बंद. कुत्रं भुंकताना नुसतं तोंड हलवतं. आणि त्यात सगळी खोली ऐकू येते हो! चुलीतलं लाकूड तडकतं, आपा लोकर झोडतायत, दोन चालींच्या मध्ये मोठे खाकरतात. मग म्हणतात, ‘अजून एक वाजवू का?’ कॅसेटमध्ये असेल, म्हणालात ना? मीही तेच म्हणाले. पण आपा, आपल्या जिवंत आपा, भरदुपारी माझ्यासमोर गादीवर बसून म्हणाल्या, ‘ती तुझ्या मामाच्या लग्नातली वाजव,’ आणि मी हेडफोनची एक बाजू कानाला लावली तर तीच चाल वाजत होती. कॅसेट पुढून-मागून तपासली. ती चाल त्यात नाही.

मी वायर उपटली. आपा मान डोलवतच राहिल्या. उपटलेली वायर मांडीवर, आणि म्हातारी हसतेय, लाजतेय, ‘चल, काहीतरीच बोलतोस’ म्हणतेय. (मला आजवर एकदाही गोड बोलली नाही ही बाई!) तेव्हापासून जेवण बंद. ताट पुढे केलं की म्हणतात, ‘मी तिकडे जेवले.’ कुठे तिकडे, हे विचारायची माझी छाती होत नाही. आणि परवा त्यांनी पेटीतून स्वतःसाठी राखलेलं पांढरं कापड काढून उन्हात टाकलं, वर मला हिशेबाने समजावलं, ‘पानगळीत दोघांचं जेवण एकदमच घाला. एक घोडा वाचेल.’

माझे मालक मेंढ्या घेऊन वर सोनकुलच्या कुरणात, तिथे फोन लागत नाही. सगळे पुरुष वरच. गावात म्हाताऱ्या, सुना आणि कुत्री. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि त्या शांततेत आपा आत कोणाशी तरी खुदखुदत असतात. शेवटी मी मुल्ला शेरकुलकडे गेले. शंभरीला टेकलाय, अंथरुणातून उठत नाही, आवाज म्हणाल तर डास बरा. तो म्हणाला, मेलेला माणूस दारात घुटमळत असेल तर कोणीतरी त्याला स्पष्ट नावाने हाक मारून सांगावं, आता जा, विसावा घे. झालं! हाक मारायची कोणी? आपांनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नाही. मी घेऊ शकत नाही. ताजिगुलसकट गावातली प्रत्येक बाई त्याच कुळाची सून. मालक इथे असते तरी ‘आता’, म्हणजे ‘बाबा’च म्हणाले असते, बापाचं नाव कोण घेतं? एवढ्या मोठ्या गावात त्या माणसाचं नाव तोंडाने घेईल असा एकही जीव नाही, दाजी. ते जिवंत असताना नाव न घेण्यालाच आम्ही मान म्हणायचो.

मला आपा हव्या आहेत. एकदा स्पष्टच लिहून टाकते. माझ्या पिठात मीठ कमी, माझ्या शिवणीला टाके लांब, माझी मुलं माझ्यावर गेली म्हणून काळी, असं आयुष्यभर ऐकवणारी ती बाई मला हवी आहे. ती गेली तर या घरात मी भांडू कोणाशी?

बुरुलताईला माझा नमस्कार, मांजराला टपली.

तुमची,
काकिश

ता.क. खरी गोष्ट आता लिहिते. तुम्ही आमच्या कुळाचे नाही. तुम्हाला ते नाव घ्यायला कसलीच आडकाठी नाही. लगेच निघून या, हेडफोन कानाला लावा, नाव घ्या आणि मटण खाऊन परत जा.

ता.क. दुसरं. येऊ नका. पत्र पाकिटात घालायच्या आत आपा पांढरं कापड घडी करून उशाशी घेऊन निजल्या, आणि माझं डोकं फिरलं. तपकिरी हेडफोन काढून घेतला, गोठ्यात गेले, कानाला लावला आणि नाव घेतलं. मोठ्याने. जीभ जागेवर आहे. मुल्लानं सांगितलेले शब्द काही आठवेनात, मग भांडले. म्हटलं, तुम्हाला तिथे कसली घाई? तिला राहू द्या इथे. लाज नाही वाटत, दुखवट्यात वाजवता? वाजती चाल मध्येच थांबली. मग कोमुज भिंतीला टांगण्याआधी मोठे तारा सैल करायचे ना, तो आवाज. मग तोही नाही. आणि घरातून आरोळी, ‘काकिश! चूल विझलीय! मला उपाशी मारायचा विचार आहे का?’ दाजी, मी गोठ्यातच बसून ढसाढसा रडले. आपांनी दोन वाट्या रस्सा ओरपला आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे.

ता.क. शेवटचं. या. आज निघा. उरलेले दोन आणि हा, तिन्ही हेडफोन दुकानदाराला परत करायला बांधत होते, तेव्हा तपकिरी सहज कानाला लावून पाहिला. सासरा सुनेला नावाने हाक मारत नाही, तुम्हाला माहीतच आहे. ते मला कायम ‘पोरी’ म्हणायचे. पण मीच आधी त्यांचं नाव घेतलं, तेव्हा आता त्यांचाही संकोच गेला असावा. ‘काकिश,’ म्हणतात. ‘काकिश, ये गं.’ मी अजून ओ दिलेली नाही. आवाज अगदी स्वच्छ आहे, दोन्ही कानांत सारखा. तेवढी तुमची निवड बरोबर.