दुरुस्तीला दिलेला रेडिओ

अण्णा,

"मोटर लावली की आवाज मरतो." शिलाई मशीनला विजेची मोटर बसवून द्यायला आलेल्या माणसाला तुम्ही एवढंच म्हणाला होतात. तो बिचारा भर उन्हात पेटी खांद्यावर घेऊन राजूरला आला होता. पाय न हलवता दिवसाला किती सदरे निघतील ते हातवारे करून सांगत होता. तुम्ही त्याला पाणी दिलं, चहा पाजला आणि हे एक वाक्य सांगून वाटेला लावलं. त्याला काही कळलं नाही, पण आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा उसनी मोटर आणून तुम्ही दोन दिवस लावून पाहिली होती. ती फिरायला लागली की रेडिओवर नुसती खरखर. मिडीयम वेव्हच्या बातम्या त्या खरखरीत पार बुडून जायच्या. तिसऱ्या दिवशी मोटर परत गेली आणि तुम्ही शेवटपर्यंत पायानेच मशीन चालवत राहिलात. संध्याकाळी माय तुमच्या गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची, "सवतीपायी पाय झिजवू राह्यले. मला बी ठेवा एक दिवस त्या फळीवर, चार सेल टाकून." तुम्ही हसायचात आणि बातम्या ऐकू याव्यात म्हणून तिला हातानेच गप्प राहायची खूण करायचात.

तो रेडिओ सध्या जालन्याला माझ्याकडे आहे. दुरुस्तीला म्हणून मी तो मायकडून आणला, त्याला दोन महिने होत आले. शाळेतून घरी आले, पिशवी टेबलावर ठेवली की पहिल्यांदा तोच दिसतो. फ्रिजवर बसलेला, तुम्ही शिवलेल्या त्या तपकिरी कव्हरात, बटणाच्या जागी तुमच्याच हातचा टाका असलेला. तो बिघडलेला नाही, हे मी अजून मायला सांगितलेलं नाही. आजही सांगितलं नाही. दिवसभर पोरांशी बोलून घसा बसतो, अंगात त्राण राहत नाही, आणि एवढं एक वाक्य बोलायला मला रोज उद्याचा दिवस बरा वाटतो.

तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. तुम्हाला वाटत असेल, आपल्या मागे त्या रेडिओवर धूळ बसली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. दुकानात तुमच्याभोवती बातम्या ऐकायला बसणारी माणसं तुमच्या देखतच कमी होत गेली. आधी घरोघर टीव्ही आले, मग खिशात मोबाइल. शेवटी बाकावर एकटे रिटायर झालेले पोस्टमन उरले होते, आणि तेही ऐकायला कमी अन् सावलीला जास्त यायचे. म्हणून तुमचं सगळं उरकल्यावर मीच मायला म्हणाले, हा आता कोणाला तरी देऊन टाकू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिने तो फळीवरून काढला, स्वयंपाकघरात चुलीपासून लांब ठेवला आणि लावला. मी बघतच राहिले. म्हणाली, "असू दे. घरात गडीमाणूस बोलल्यावानी वाटतं."

तेव्हापासून तिचा नेम कधी चुकला नाही. बातम्या सांगणाऱ्यांचे आवाज तिला एकेक ओळखीचे झाले. "आज त्या बाईला सर्दी झाली," असं मला फोनवर सांगायची. एक आवाज बरेच दिवस आला नाही तेव्हा, "रिटायर झाले वाटतं, न्हाई तर असे न सांगता जायचे न्हाईत," म्हणाली. तुमच्या दुकानाच्या जागेत आता भाड्याने मोबाइलवाला आहे. त्याच्याकडे एका वेळी दहा-बारा चार्जर लावलेले असतात आणि त्यांचीही खरखर होते, मोटरीपेक्षा वाईट. सातला पाच मिनिटं कमी असली की माय मधल्या दारातून हाक मारायची, "ए बाबा, काढ ते तुझे वायर! बातम्या लागू राह्यल्या." तो काढायचा. "आजी, मोबाइलमध्येच रेडिओ देतो ना लावून," असं त्याने शंभरदा सांगितलं असेल. तिने एकदा हातात घेऊन पाहिला. "ह्याच्यात समदेच बोलतात. ह्याच्यातला आपला कोणता?" म्हणाली आणि परत दिला. घरातले नवे पांढरे बल्बही खरखर करतात म्हणून सातच्या बातम्या ती दिवा मालवून ऐकायची. मी एकदा न कळवता गेले तर अंधारात बसलेली. मी घाबरले. ती म्हणाली, "लाईट गेलेली न्हाई. बस गुपचूप."

मग या उन्हाळ्यात एक दिवस तिचा फोन आला की रेडिओ बोलत नाही. नवे सेल टाकले, उन्हात ठेवून पाहिला, नुसता फुसफुस करतोय. मी शनिवारी गेले आणि घेऊन आले. इथे जुन्या बाजाराच्या गल्लीत एक म्हातारे चाचा अजून रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी पाठीमागचं झाकण उघडलं, चष्म्यातून बराच वेळ पाहिलं, तार लावली, काढली आणि झाकण परत लावून टाकलं. "ताई, सेट बिलकुल बराबर हाय," म्हणाले. "बोलणारेच गेले." मला समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की मिडीयम वेव्हचं ते प्रक्षेपण कायमचं बंद झालंय. कार्यक्रम दुसरीकडे होतात, मोबाइलवर मिळतात, पण या सेटवर आता काही यायचं नाही. त्यांच्या मागच्या फळीवर सहा-सात सेट ओळीने ठेवले होते. कोणाला पट्टा, कोणाला दोरी, एकाला तर फडक्यात गाठ मारून आणलेलं. "हे समदे चांगलेच हायेत," चाचा म्हणाले. "एक म्हातारबा जाफराबादहून तीन चकरा मारून गेले. खरं सांगितलं तर मलाच म्हणाले, तुम्हाला रिपेरी येत न्हाई, आता दुसऱ्याला दाखवतो. आता मी कोणाला सांगतच न्हाई. पुसून ठेवतो अन् म्हणतो, पार्ट यायचाय."

मी पैसे द्यायला लागले तर घेतले नाहीत. तिथून बाहेर पडले आणि पायऱ्यांवर उभी असतानाच मायचा फोन आला. "झाला का?"

"पार्ट यायचाय," मी म्हणाले. चाचांचंच वाक्य, ते माझ्या तोंडातून इतकं सहज गेलं की मला तुमचं दुकान आठवलं. तुम्हीही सांगायचात ना, "काज-बटन राह्यलं, उद्या या." कापडाला कात्री लागलेली नसायची तरी काज-बटनच राहिलेलं असायचं. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. "म्हंजे अजून गठुड्यातच हाय म्हणा की," असं म्हणून हसत बाकावर बसायची, थोडा वेळ रेडिओ ऐकायची आणि जायची. कोणाला त्यात खोटं वाटायचं नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना दुकानात एकटी बसायला लागले तेव्हा हे पहिलं वाक्य शिकले.

आणि त्याच वाक्यावरून तुम्ही मला एकदा बोललात. जूनचा महिना होता, दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. वाडीवरून एक बाई पोरीचा शाळेचा फ्रॉक न्यायला आली. पायी आली होती, पायांना चिखल होता. तुम्ही मागे जेवत होतात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काज-बटन राह्यलं, उद्या या." ती पदराने तोंड पुसून गेली. तुम्ही हात धुऊन बाहेर आलात, कोण आलं होतं ते विचारलंत, आणि मग बातम्या चालू असताना हात पुढे करून रेडिओ बंद केलात. त्याआधी आणि त्यानंतर मी तसं कधी पाहिलं नाही. मी तिथेच रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "ज्याला थांबता येतं त्याला काज-बटन सांगायचं. तिची पोरगी उद्या कशात जाईल? तिला न्हाई थांबता येत." लगेच कापड काढलंत, अंदाजाने कापलंत आणि दिवेलागणीला मला सायकलच्या कॅरियरवर बसवून वाडीवर निघालात. फ्रॉक माझ्या मांडीवर होता. त्या बाईच्या हातात तो मीच द्यायचा, असं तुम्ही वाटेत सांगितलंत, आणि काय म्हणायचं ते सांगितलं नाहीत. मी फ्रॉक तेवढा पुढे केला. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "एवढ्या अंधाराचं कशाला आणलं लेकराला."

माय पंचाहत्तरीच्या पुढे गेली, अण्णा. तिला थांबता येतं का, हे मी स्वतःला रोज विचारते.

पण मला तुम्हाला वेगळंच सांगायचंय. अठरा वर्षं मी मायला संध्याकाळी फोन करायचे. मला तीच वेळ मोकळी, आणि तिची तीच वेळ रेडिओची. "ठेव, बातम्या लागल्या," एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. सुट्टीत गेले तर ती कामात, मी दमलेली. आता ती स्वतः फोन करते. रोज, बरोबर सातला. पहिलं वाक्य ठरलेलं, "झाला का?" मी काहीतरी सांगते. ती म्हणते, "तू बी बापावरच गेली. रेडिओचं काज-बटन राह्यलं वाटतं?" आणि दोघी हसतो. मग ती फोन ठेवत नाही. तिच्या हातात बातम्यांचा तो अर्धा तास मोकळा राहतो आणि ती बोलत सुटते. इतक्या वर्षांत न बोललेलं बोलते.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नसेल. सेल उतरत आले की माय ते दुपारी गुपचूप काढून अंगणात उन्हात ठेवायची आणि तुम्ही झोपेतून उठायच्या आत परत घालायची. तुम्ही बाकावरच्या लोकांना कौतुकाने सांगायचात की या कंपनीचे सेल फार टिकतात. ती आतून ऐकायची. "सांगितलं असतं तर म्हणले असते, तुला कव्हापासून गोडी लागली," असं परवा म्हणाली. म्हणजे सवत म्हणत होती तेव्हाही तिचा एक कान तिकडेच होता. आणखी एक सांगितलं तिने. लग्नानंतर तुम्ही तिचं पहिलं पोलकं शिवलंत तेव्हा घरात वडीलधारी बसलेली, टेप घेऊन माप कसं घेणार? "तुह्या अण्णांनी मापच घेतलं न्हाई. उंबऱ्यापाशी उभे राहून नुस्तं पाह्यलं एक डाव. अन् पोलकं असं बसलं, असं बसलं, की सासूबाईनं मलाच विचारलं, माप कव्हा दिलंस गं?" हे सांगताना ती फोनवर लाजली. मी चाळिशी ओलांडलेली बाई, गॅसवरची भाजी करपेपर्यंत ऐकत उभी राहिले.

काल तिने सातला फोन केला आणि रेडिओचं विचारलंच नाही. वेगळंच काही सांगत बसली, शेजारच्या सुनेचं, मोबाइलवाल्याच्या लग्नाचं. मला वाटलं, तिला कळलंय. मोबाइलवाल्याने सांगितलं असेल आणि तीही माझ्यासारखीच गप्प असेल. मला एकदम हलकं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् ऐक, पंचमीला येशील तव्हा घेऊनच ये आता. लई दिवस झाले. ती सर्दीवाली बाई बरी झाली का न्हाई, काय की."

तिला कळलेलं नाही. ती वाट बघतेय. ती बाई आता यायची नाही, तिच्यासोबतचे कोणीच यायचे नाहीत, आणि हे तिला कोणीतरी समोर बसून सांगायला हवं. ते कोणी सांगायचं हेही ठरलेलंच आहे. मी लोकांना सांगते की तिला धक्का बसेल म्हणून बोलत नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. धक्क्याची मला तेवढी भीती नाही. नवऱ्याच्या मागे अठरा वर्षं एकटी राहिलेली बाई आहे ती, सोसेल. मी सांगितलं की सातचा फोन बंद होईल, याची मला भीती वाटते. विचारायला काही उरलं नाही की ती फोन कशाला करेल? लेकीला नुसता फोन करायचा असतो, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि मला मागता येत नाही.

पोरांच्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिलंय, ते याच वहीत राहील. तुम्ही ऐकलं असतं तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. मशीनवरून नजर न काढता मान हलवली असतीत, आणि ती होकाराची नक्कीच नसती. तरी मागते. पंचमीला बारा दिवस राहिलेत, अण्णा. तेवढे बारा दिवस मला तिला खरं सांगायला लावू नका.