आत माणूस नको

बाबा, काल मी रोह्याला जाऊन ट्रेलर ठरवून आले. मोटरसायकली न्यायचा, चारी बाजूंनी पत्र्याने बंद, मागे कडीचं दार असलेला. तुम्ही असतात तर हसला असतात. "गाडीला काय लाज वाटते काय, झाकून न्यायला?" असं काहीतरी बोलला असतात आणि गॅरेजात टेकलेले चौघेही हसले असते. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ते हसणं मला ऐकू येतं आणि अजून तेवढाच राग येतो.

पेणचं गॅरेज आता मी चालवते. दुरुस्तीपेक्षा गाड्या पोचवायचं काम जास्त आहे. डोलवीच्या कंपनीतून बदली झालेला माणूस गाडी नव्या गावापर्यंत चालवत नेत नाही, माझ्याकडे देतो. मुंबई-पुण्याचे हौशी लोक आपल्या महागड्या गाड्या गोव्याला पाठवतात. आजवर मी उघड्या पिकअपमधून नेत होते, पट्ट्यांनी आवळून. खडी उडते, धूळ बसते, चहाला थांबलं की कोणीतरी येऊन आरसा फिरवून बघतो. म्हणून बंद ट्रेलर घेतेय, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे. उघड्या गाडीत माणूस चढतो. "ताई, मी मागे उभा राहतो ना धरून," असं गाडीचा मालक स्वतःच म्हणतो. मग मी ओरडते. पेणमध्ये तापट बाई म्हणून माझं नाव झालंय, ते त्यामुळेच.

लायसन आलं त्याच दिवशी तुम्ही मला गाड्या आणायच्या टेम्पोची चावी दिलीत. एकोणीस वर्षांची होते मी. "आता ही चालवणार, मी मागे गाडीजवळ," असं आईला सांगितलंत. आपल्या गावात कुठल्याच बापाने मुलीच्या हाती टेम्पो दिला नव्हता. आठवडाभर मी ती चावी गळ्यात घालून फिरत होते. ते देणं मनापासून होतं, हे मी नाकारत नाही. पण महिन्याभराने मी पनवेलहून आवळायचे पट्टे आणले, तेव्हा काय केलंत? दोन बोटांत धरून गिऱ्हाइकांना दाखवलेत. "बघा, आमची बाय मला गाडी बांधायला शिकवते. अगो, पट्ट्याला काय कळतं? हाताला कळतं." मी म्हटलं, "बाबा, जोरात ब्रेक लागला तर हात पुरणार नाय." तुमचा आवाज चढला. "पाना धरायला कोणी शिकवला तुला? मग गप ऱ्हा." सगळ्यांसमोर. आईने पट्टे माळ्यावर टाकले.

मग ती दुपार. रोह्याहून आपण एक जड गाडी आणतोय. नागोठणं मागे पडलंय, मी चालवतेय, तुम्ही मागे हौद्यात टाकी पोटाशी धरून उभे आहात आणि हँडलला एक सुती दोरी आहे. आरशात मला तुमचं फक्त कोपर दिसतं. गडब गावाच्या दुकानांपाशी एक रिक्षा न बघता रस्त्यावर येते आणि मी ब्रेक दाबते. दुसरं काय करणार होते? आधी दोरी तुटल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा. मी मागे धावले तेव्हा गाडी तुमच्या अंगावर आडवी होती आणि तुम्ही शुद्धीत होतात. "टाकीला पोचा आला काय बघ," म्हणालात. मी समोर उभी राहून हमसून हमसून रडतेय आणि तुम्हाला टाकीची पडलीय! दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत. आणि नंतर बोलणंच संपलं.

टाकीला पोचा आला नव्हता. ती तुमच्या छातीवर पडली होती, कुठून येणार? गाडीचा मालक दहाव्याला आला आणि म्हणाला, "माणूस गेला, पण गाडीला ओरखडा येऊ दिला नाय." लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून पेणपासून रोह्यापर्यंत हीच गोष्ट सांगतात. मला मात्र बायका बाजूला घेऊन म्हणतात, "तुझी चूक नाय गो." हे मला कोणी का सांगावं? चूक तुमची होती, बाबा. तुम्ही हट्टाने तिथे उभे राहिलात आणि ब्रेक माझ्या पायाखाली दिलात. आई त्यानंतर वर्षभर माझ्या उजव्या पायाकडे बघायची.

काल गेले ते तुमच्या टेम्पोचा हौदा बांधणाऱ्या मिस्त्रींकडेच. चार महिने चौकशी करून गेले होते. एका एक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा ट्रेलर हलका पडतो, पण तीन गाड्या घातल्या की मागून डोलतो, म्हणून दोन एक्सल सांगितले. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. पासिंगची कागदं आधी बघितली, मग पुढचं बोलले. मागचं दारच खाली पडून त्याचा रॅम्प होतो, तो लांब करून घेतला, म्हणजे चढ कमी राहतो आणि मी एकटी गाडी चढवू शकते. पुढचं चाक अडकवायला लोखंडी खाच, प्रत्येक गाडीला तळाच्या पत्र्यात चार कड्या, पेट्रोलचा वास निघून जायला दोन्हीकडे झडपा. मिस्त्री सगळं लिहून घेत होते. मग त्यांनी पेन्सिलीने पुढच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला.

"इथे एक सीट देतो बाय. लांबच्या खेपेला गाडीजवळ माणूस बसंल. तुझा बाबा असाच न्यायचा ना? काय माणूस होता गो, गाडीपायी जीव दिला!"

मी कागद ओढून घेतला. "आत माणूस नको."

"अगो, नुसती सीट—"

"माझे बाबा चुकले होते. ऐकलंत? जीव दिला नाय त्यांनी, फुकट घालवला. दोन पट्ट्यांनी भागलं असतं!"

शेडमधलं वेल्डिंग थांबलं. मिस्त्रींनी कागद माझ्या हातून परत घेतला आणि रबर शोधून चौकोन पुसला. "हौद्याला कड्या लावून देतो म्हणून मी पन बोल्लो होतो त्याला," ते म्हणाले. "दोनदा. नाय ऐकला."

चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट संताप वाढला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी मुलगी म्हणून तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही तर कोणाचंच ऐकलं नव्हतंत.

हे पाठवायला पत्ता नाही. गॅरेजच्या खणात ट्रेलरच्या कागदांखाली ठेवून देईन. फक्त एक माप वर लिहिलं नाही. मिस्त्री म्हणाले, आतली उंची साडेपाच फूट पुष्कळ झाली, जास्त केलीस तर वारा अडेल, डिझेल खाईल. मी सहा फूट दोन इंच लिहायला सांगितली. "एवढी कशाला गो? तू तर पाच फुटांची." उंच काचेच्या गाड्या येतात माझ्याकडे, असं मी ठोकून दिलं. तशी एकही गाडी येत नाही. तुम्ही सहा फूट होतात, बाबा.