दोनदा उजाडलेला शुक्रवार

मात्वेईदादा,

झारने आपली अलास्का अमेरिकेला विकली आणि तू रशियाच्या जहाजात बसून सुटलास. लगेच बाबा वारले, शुक्रवारी दुपारी. आईने त्यांच्या आत्म्यासाठी खिडकीत पाण्याचा पेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिपाई ओरडत आला, "आजपासून अमेरिकेचे वार, आपल्यापेक्षा एक दिवस मागे! आज पुन्हा शुक्रवार!"

आईने पेला उचलला. "शुक्रवारी सकाळी तर ते चहा मागत होते," म्हणत बाबांचा कप भरला. संध्याकाळी कप रिकामा.

मग दर शुक्रवारी तेच. मला वाटायचं, आईच गुपचूप पिते.

परवा आईला पुरलं. काल शुक्रवारी कप मी भरला. संध्याकाळी रिकामा होता.

हे पत्र धाडणार नाही. धाडलं तर विचारशील, "एकटी कशी राहतेस गं?"

एकटी कुठे?

तुझी,
ग्लाफिरा