काळ्या मेंदीखालचा अंगठा

१० जानेवारी, मंगळवार

बखीता मेंदीवालीने आज डोकंच फिरवलं माझं! तीन वर्षांनी नवरा जेद्दाहून घरी येतोय, पाच आठवडे उरलेत. म्हणून एक दिवसाआड अंगणातल्या खड्ड्यावर बसून बाभळीच्या लाकडाची धुरी घेतेय, आणि तळव्यांना काळी मेंदी – सगळं रीतसर. आणि ही बया माझ्या उजव्या पायाचा अंगठा हातात धरून म्हणते, "बाई, इथे मेंदी धरत नाहीये. वासही येतोय."

वास! मुख्याध्यापिकेच्या पायाला!

काही होत नाही मला. दुखत नाही म्हणजे काही नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

वास येतो. खरंय.

१४ जानेवारी, शनिवार

आमच्या ओमदुरमानमध्ये नुसत्या पायांचा म्हणून एक दवाखाना आहे, हे मला आजच कळलं. शुगरचे डॉक्टर आठ वर्षं औषध देतायत, त्यांनी कधी माझी चप्पल काढायला लावली नाही. इथे डॉक्टर इज्लाल. इतकी पोरगेली, की मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं. तीच बुटक्या स्टुलावर बसली आणि माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेंदी कशासाठी, खाला?"

"नवरा येतोय."

"छान. पण काळ्यावर काळं, मला खालचं काही दिसत नाही."

मग ती पातं घेऊन खरवडत बसली. किती वेळ! खाली खजुराच्या बीएवढी जखम निघाली. भाजल्याची. मी म्हटलं, अशक्य! चटका बसला तर मला कळणार नाही? तिने विचारलं, धुरी घेताना पाय कुठे ठेवता? खड्ड्याच्या काठावर, सगळ्याच ठेवतात. तिने पातं खाली ठेवलं. "तुम्हाला कळलं नाही, हाच तर आजार आहे. अजून हाडापर्यंत गेलेलं नाही. गेलं तर अंगठा कापावा लागेल."

धुरी बंद. मेंदी बंद. घरातसुद्धा अनवाणी नाही. दर तीन दिवसांनी पट्टी बदलायची, रोज आरशात तळवे बघायचे. मी सांगितलं तिला, "पोरी, माझ्या परवानगीशिवाय माझ्या शाळेत घंटा वाजत नाही. अंगठा कुठे जातोय!" हसली.

घरी येऊन मात्र घाबरले मी. लिहून टाकते एकदाचं.

संध्याकाळी बाबिकरचा फोन आला. "काय म्हणतेस?" "सगळं छान!" त्याला कशाला? तिकडे परमुलखात ट्रक चालवतो माणूस, रात्रभर जागेल.

२० जानेवारी, शुक्रवार

पट्टी. जखम लाल. लाल म्हणजे चांगलं, म्हणते इज्लाल.

२८ जानेवारी, शनिवार

मेंदी विटत चाललीय. पाय कसे दिसतात – उघडेबोडके! आज नणंदबाई आल्या. दारातूनच पायाकडे नजर. "वहिनी, माझा भाऊ जिवंत आहे ना? पाय असे विधवेसारखे करून बसलीस!"

"रौदा, तुझ्या भावाला पाय हवेत की नक्षी?"

"दोन्ही हवेत. तो काय तुझे धडे ऐकायला समुद्र ओलांडून येतोय?"

हसू आलं मला. पण ती गेल्यावर लागलं मनाला. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. नवऱ्याने बघून खूश व्हावं असं उरलंय काय? तेवढे पाय होते.

१ फेब्रुवारी, बुधवार

कहर! तिसरीच्या इहसानबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या. डोळ्यांत पाणी, दोन्ही हात वर, मयताच्या घरी फातिहा म्हणायला करतो तसे! अख्ख्या शाळेने माझे पाय बघून बाबिकरला पुरून टाकलं होतं.

"हात खाली!" मी ओरडले. "नवरा धडधाकट आहे माझा. अंगठा भाजलाय!"

मग म्हटलं, आता लपवायचं कशाला? मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिकांना बोलावलं, पट्टी दाखवली, आणि म्हटलं – ज्यांना शुगर आहे त्यांनी चपला काढा. अकरा जणींपैकी चार जणींनी काढल्या. इहसानबाईंच्या टाचेला ही भेग, आणि त्यांना पत्ता नाही! हात धरून इज्लालकडे पाठवलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

भरत आली! अंगठा माझाच राहणार. इज्लाल म्हणाली, "तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर मला पातं लागणारच नाही." मी लगेच संधी साधली.

"मग डाव्या पायाला थोडी मेंदी?"

"नाही."

"करंगळीपुरती?"

"खाला!"

बरं बाई. मोजे घालीन. तीन वर्षांनी येणाऱ्या नवऱ्यासमोर मोजे! आणि तो येण्याआधी त्याला सांगायचं? नाही. आल्यावर बघू. उगाच धास्ती नको.

१५ फेब्रुवारी, बुधवार

वाळवलेल्या भेंडीचं कालवण तयार. किसऱ्याच्या पातळ भाकऱ्या सकाळी. झोप नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबिकर आला. जेवला, पाहुणे गेले, तरी बूट काढेना. शेवटी मीच बसले काढायला. डाव्या पायाला दोन बोटं नाहीत. म्हणाला, "गेल्या वर्षी शुगरपायी कापली. तुला फोनवर कसं सांगायचं?" खूप रडले, खूप भांडले. मग मोजा काढला आणि माझा पाय त्याच्या मांडीवर ठेवला. शनिवारी इज्लालकडे दोघांचा नंबर लावलाय.