नामवंतांच्या यादीत बापू

३ मार्च

चि. बापूस, अनेक आशीर्वाद.

सकाळपासून चार माणसं माझं सांत्वन करून गेली. तू वारलास म्हणे. मी परवाच तुझ्याशी फोनवर दाढदुखीबद्दल बोलले होते, त्यामुळे रडू काही आलं नाही. पण चहा करून करून वीट आला.

तुमच्या सेमिनरीच्या, त्या धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेच्या, महोत्सवाच्या स्मरणिकेत नामवंत माजी विद्यार्थ्यांचा भाग आहे, त्यात तुझा फोटो 'दिवंगत रेक्टर' या पानावर छापलाय. तुझ्या आधीचे आठही रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, गेलेले, म्हणून नववा तूही गेला असशील असं त्या शहाण्यांनी धरलं. विचारायचं तरी कुणाला तरी!

आणखी एक. लांब्याचं सांत्वनाचं पत्र आलंय. हो, तुझा वर्गमित्र, आता बिशप झालेला, सतरा वर्षं तुझ्याशी न बोललेला. लिहितो की त्यानं पाठवलेल्या मुलाला तू दीक्षेच्या महिनाभर आधी सेमिनरीतून काढलंस ते योग्यच होतं. मुलगा खोटं बोलला होता हे त्याला वर्षभरातच कळलं, पण तुला सांगायला तोंड उघडलं नाही. पत्र सोबत जोडलंय. आता काय करायचं ते सांग.

तुझी,
ताई

७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सध्याचा रेक्टर माझाच विद्यार्थी. तेव्हाही उत्तरपत्रिकेवर नाव लिहायला विसरायचा. फोन केला तर माफी मागून म्हणाला, दुरुस्तीची चिठ्ठी महिनाभरात निघेल. आमच्यात कुणी गेलं की बाकीच्या धर्मगुरूंनी त्याच्या आत्म्यासाठी एकेक मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करायची रीत आहे. एक्केचाळीस जणांनी केलीसुद्धा. त्या पुढच्या खात्यात धरायच्या का, असं त्यानं मलाच विचारलं. मी फोन ठेवला.

लांब्याला मात्र काही कळवू नकोस. मेलेल्या माणसाबद्दल कुणीही चांगलं लिहितं. मी धडधाकट आहे असं कळलं तर तो शब्द मागे घेईल. तेवढं पत्र मला राहू दे.

तुझा,
बापू

११ मार्च

चि. बापूस, आशीर्वाद. तेही नाइलाजानं.

तीस वर्षं वॉर्डात हट्टी रोगी सांभाळले, पण तुम्हा दोघांएवढे हट्टी पाहिले नाहीत. क्षमेवर प्रवचनं देता आणि माफीचं एक साधं वाक्य तुमच्या तोंडून निघत नाही. लांब्याच्या हृदयाचं ऑपरेशन बावीसला आहे. शस्त्रक्रिया अवघड आहे, मला या कामातलं थोडंफार कळतं. त्याचं काही बरंवाईट झालं तर ते पत्र घेऊन बसशील का जन्मभर?

तू जिवंत आहेस, असं मी त्याला कळवलंय. रागव हवा तेवढा.

ताई

१५ मार्च

चि. बापूस, आशीर्वाद.

लांब्याचं उत्तर आलं, आणि मला दोन वेळा वाचावं लागलं. तू जिवंत आहेस हे त्याला ठाऊक होतं. स्मरणिका हातात पडताच त्यानं तुमच्या एका वर्गमित्राला फोन केला होता. दहा मिनिटांत खरं कळलं. तरी तो पत्र लिहायला बसला. तुला लिहायला घेतलेली पत्रं त्यानं इतकी वर्षं फाडलीच होती. तू गेलास असं धरून लिहिलं तेव्हा कुठे हात चालला. आणि पाठवलं मला, कारण ताईच्या पोटात काही राहत नाही असं त्याचं म्हणणं. हा माझा अपमान मी तूर्त बाजूला ठेवते.

आता तुझी पाळी. माझी माया आहे तशीच राहील, पण सहनशक्ती संपली.

ताई

२१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लांब्याच्या हॉस्पिटलातल्या खोलीतून लिहितोय. पहिला अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून रेक्टरचा उद्धार केला. मग मला धीर आला. मी म्हटलं की मुलाला काढलं ते बरोबर, पण सगळ्या वर्गासमोर उभं करून काढलं ते चूक. ते पोर पुन्हा कुठल्याच चर्चची पायरी चढलं नाही, हे मला माहीत होतं आणि मी कधी कबूल केलं नाही. लांब्या म्हणाला की याच एका कबुलीसाठी तो इतकी वर्षं अबोला धरून होता.

सकाळी सातला त्याला आत नेणार आहेत. भीती वाटतेय, असं त्यानं आज मला सांगितलं. बाहेरच्या बाकावर मी बसून राहणार आहे. तूही प्रार्थना कर.

तुझा,
बापू